ठोकळ्याला बांधलेली किल्ली

आमच्या मजल्यावरच्या बायका म्हणत, की बाइंडिंगवाल्या बाईंना दोन तोंडं आहेत, एक सकाळचं आणि एक संध्याकाळचं. सकाळी कामावर निघालेल्या बाई जिन्यात थांबून प्रत्येकीची विचारपूस करत. कुणाच्या सुनेचं बाळंतपण, कुणाचा गुडघा, त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे. संध्याकाळी मात्र त्याच बाई खाली मान घालून, पिशवी पोटाशी धरून जिना अशा चढत, की समोर सख्खी बहीण आली असती तरी तिला बाजूला सारून गेल्या असत्या. "दिवसभर पुस्तकांत बसतात ना," समोरची शेजारीण म्हणे, "मग आम्ही कुठल्या दिसायला!"

या बाई म्हणजे माझी आत्या. कॉलेजसाठी गावाहून येऊन मी तिच्याकडे राहिले आणि त्या गर्वाचं कारण मला लवकरच कळलं. संध्याकाळी मी दार उघडून चटकन बाजूला झाले नाही, तर ती मला ढकलून, चपला पायांत तशाच ठेवून, थेट संडासात शिरे. बाहेर आल्यावरच ती पुन्हा माझी आत्या होई आणि विचारी, "खाल्लंस का गं काही?"

आत्या बाइंडिंगच्या कारखान्यात छापील कागदांना घड्या घाली. हाडाच्या गुळगुळीत पट्टीनं दाबलेली तिची घडी अशी बसे, की शेजारच्या टेबलावरची शिलाईवाली ती दोऱ्यात ओवताना पुन्हा सारखी करत नसे. कारखान्यात संडास होता, पण मागच्या बाजूला, आणि कुलपात. किल्ली मालकांच्या टेबलामागच्या खिळ्याला टांगलेली असे. ती पूर्वी एकदा हरवली होती. पुन्हा हरवू नये म्हणून मालकांनी तिला हातभर लांबीचा लाकडी ठोकळा बांधला आणि तो कुणाच्याही नजरेतून सुटू नये म्हणून लालभडक रंगवला. पुरुषांना या किल्लीशी कर्तव्य नव्हतं. मागच्या गल्लीतली भिंत त्यांच्यासाठी सदैव मोकळी होती. ठोकळा उचलायचा तो बायकांनी, आणि तो घेऊन मालकांसमोरून, कटिंग मशीनला वळसा घालून, सगळ्यांच्या देखत चालत जायचं.

आत्या नोकरीला नवी असताना एक मुलगी असा ठोकळा घेऊन निघाली. कटिंगवाला मशीनवरून म्हणाला, "निघाली स्वारी." सगळे हसले. आत्याही हसली, असं शिलाईवाली सांगते. पण त्याच वेळी तिनं मनाशी ठरवलं, की हा ठोकळा आपल्या हातात कुणाला दिसणार नाही. आणि एकदा ठरवलेलं मोडणं तिच्या रक्तात नव्हतं.

ठोकळा टाळायचा तर पाणी टाळायला हवं. सकाळी अर्धा कप चहा, त्यानंतर घरी येईपर्यंत काही नाही. कारखान्यातला चहा ती ओठांना लावून खाली ठेवी. "मला तहानच लागत नाही," हे ती अशा थाटात सांगे, जणू उंटांच्या घराण्याशी आमची जुनी सोयरीक असावी.

मग तिला उन्हाळी लागू लागली. लघवीला जळजळ, ओटीपोटात दुखणं. ऐन थंडीतही तिला उन्हाळी लागे, तेव्हा ती कधी खुर्चीला दोष देई, कधी नव्या खळीच्या वासाला. शेजारणीच्या उरलेल्या गोळ्यांपैकी दोन घेतल्या की बरं वाटे. बरं वाटलं की गोळ्या बंद. डॉक्टरांचं नाव काढलं तर म्हणे, "असल्या जागेचं दुखणं चारचौघांत कशाला मिरवायचं?"

एका सकाळी ती हुडहुडी भरून, पाठीला हात लावून पलंगावर वाकून बसली, तेव्हा मात्र मी ऐकलं नाही. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, लघवी तपासायला दिली, आणि विचारलं, "दिवसभरात पाणी किती पिता?"

"लागेल तेवढं."

"आणि लागतं किती?"

"लागतच नाही."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "जंतुसंसर्ग वर किडनीपर्यंत गेलाय. असंच चालू राहिलं तर किडनी कायमची खराब होऊ शकते. मी देते त्या गोळ्या बरं वाटलं तरी शेवटपर्यंत घ्यायच्या. पाणी प्यायचं, आणि लागली की उठायचं. धरून बसायचं नाही."

"तिथं किल्ली असते, डॉक्टर."

"मग उघडा की कुलूप."

लाल ठोकळ्याचं वर्णन मला करावं लागलं. डॉक्टरीणबाईंनी हसू आवरलं. "तो ठोकळा जड आहे का?" त्यांनी विचारलं. आत्यानं तो कधी उचललाच नव्हता.

बरी होऊन ती कामावर गेली, ती पाण्याची बाटली घेऊन. संध्याकाळी बाटली भरलेलीच परत आली. दुसऱ्या दिवशीही तेच. मी नुसती ती बाटली तिच्या ताटाशेजारी ठेवली. आत्यानं मान फिरवली.

तिसऱ्या दिवशीची हकिगत शिलाईवालीनं घरी येऊन सांगितली. आत्यानं सकाळीच सगळी बाटली घटाघटा रिकामी केली, कडू काढा प्यावा तशी. मग पाय घट्ट जुळवून घड्या घालत बसली, आणि त्या दिवशी तिच्या घड्या प्रथमच वाकड्या आल्या. शेवटी उठली. खिळ्यावरून ठोकळा काढला. कटिंगवाल्यानं तोंड उघडलं, "आज बाईंची..." तेवढ्यात आत्या त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली, त्याच्याच सुरीनं दोरी कापली, ठोकळा त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "धर. तुला फार आवडतो ना." किल्ली पदराच्या टोकाला बांधून ती चालती झाली. बाकीच्या बायका त्या दिवशी किल्लीसाठी तिच्याकडे पदर मागायला येत होत्या.

मालक त्या दिवशी बाहेर गेले होते. मोकळा खिळा त्यांच्या लक्षात आला तो दुसऱ्या दिवशी. त्यांनी आत्याला टेबलाशी बोलावून सगळ्यांसमोर विचारलं, "बाई, किल्ली हरवली तर जबाबदार कोण?"

आत्यानं पदराची गाठ चाचपली.

"मी. आणि माझी किडनी गेली तर जबाबदार कोण, त्याचा तुम्ही विचार करून ठेवा. तोवर मी जाऊन येते."