टाकी एक, पावती कुणाची?

गाडी गल्लीच्या तोंडाशी लावली, दत्तूने पाईप परसापर्यंत ओढत नेला आणि बघतो तर काय, टाकीच्या झाकणावर दोन भाऊ मांडी घालून बसलेले. एका कडेला थोरला जनार्दन, दुसऱ्या कडेला धाकटा काशिनाथ. मध्ये वीतभर जागा. दत्तू हा आमच्या, संडासाच्या टाक्या उपसणाऱ्या सक्शनच्या गाडीचा ड्रायव्हर. त्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. मग त्याने इंजिन बंद केलं.

जनार्दनच्या मुलीची, सोनालीची, परवा हळद होती. न्हावा शेवाच्या आसपासच्या गावांतली हळद ज्याने पाहिली आहे त्याला मी काही सांगायला नको. लग्नाला माणसं कमी आली तर खपतं, हळदीला अख्खं गाव लोटतं. पुढे अंगणात मांडव उभा होता, मोठाले टोप धुऊन पालथे घातले होते, आणि मागे टाकी तुंबलेली. सकाळपासून संडासात पाणी ओतलं की ते खाली जायच्या ऐवजी वर येत होतं. सोनालीची आई मला बघून रडायचीच बाकी होती. "मॅडम, येवडे पावने येनार, मी कोनाला तोंड दाखवू?" एवढंच म्हणाली आणि पदराने कपाळ पुसत आत गेली.

मी त्या वेळी नगरपंचायतीत स्वच्छता निरीक्षक होते. गेल्या वर्षी निवृत्त झाले. माझं काम म्हणजे लोक ज्या गोष्टीबद्दल घरात बोलत नाहीत त्या गोष्टीची चौकशी करत दारोदार फिरणं. सेप्टिक टँकचं गणित तसं साधं आहे. घाण टाकीत येते, जड गाळ तळाशी बसतो, वरचं पाणी शोषखड्ड्यात जातं आणि जमिनीत मुरतं. पण समुद्राकाठी जमिनीत आधीच पाणी. तिथे मुरणार कुठे? गाळ वेळच्या वेळी उपसला नाही तर टाकी तुंबते, आणि तुंबलेली टाकी शेजारच्या विहिरीला सोडत नाही. म्हणून आमच्याकडे ठराव झाला की घरोघरच्या टाक्यांची नोंदणी करायची. एकदाच फी भरायची, टाकीला नंबर मिळणार, मग ठरलेल्या मुदतीने गाडी आपणहून येणार. नंबर नाही तर गाडी नाही.

मला वाटलं होतं, फी म्हटल्यावर लोक टाक्या लपवतील. काहींनी लपवल्याही. एकाने तर झाकणावर तुळशीवृंदावन आणून ठेवलं. पण हे दोघे भाऊ आदल्या दिवशी आपण होऊन ऑफिसात आले, हातात नोटा घेऊन, आणि आधी मी भरणार, आधी मी भरणार म्हणून माझ्या टेबलासमोर भांडायला लागले. खोटं कशाला बोलू, मला भरून आलं. उभ्या नोकरीत सरकारी फी भरण्यासाठी भांडणारी माणसं मी पहिल्यांदा बघत होते. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरचा क्लार्क कानात पुटपुटला, "मॅडम, भुलू नका. परसाच्या जागेचा वाद आहे त्यांचा."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या भागात सातबारा बहुतेक आजोबा-पणजोबांच्या नावावर, आणि खाली वारसांची रांग. जमीन कुणाची हे कागदावरून कळत नाही, म्हणून माणसं पावत्या जपतात. घरपट्टी, पाणीपट्टी, लाइट बिल, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घालून तांदळाच्या डब्यात. उद्या कोर्टात उभं राहावं लागलं तर दाखवायला. या दोघांचं घर मधोमध भिंत घालून वाटलेलं होतं, परस मात्र अजून सामाईक. त्यात रस्ता रुंद होणार, मोजणी येणार अशी आवई उठलेली. टाकीची पावती ज्याच्या नावावर, परस त्याचं, असं दोघांनीही मनाशी ठरवून टाकलं होतं. कोणत्या कायद्यात बसतं देव जाणे.

ऑफिसात मी दोघांनाही फी न घेताच परत पाठवलं होतं. म्हटलं, घरी बसून ठरवा, उद्या गाडी घेऊनच येते. ठरवलं ते हे. झाकणावर ठाण मांडलं.

मी आधी गोडीत घेतलं. काशिनाथ म्हणाला, "टाकी उपसू नका असा मी म्हनत नाय. पोर माजी बी हाय. पन पावती दादाच्या नावावर फाटनार नाय." जनार्दनने त्याच्याकडे न बघता मला सांगितलं की खड्डा खणला तेव्हा मजुरी त्याने दिली होती. काशिनाथने लगेच विटा कुणी आणल्या ते काढलं. त्यावरून गोष्ट त्यांच्या वडिलांच्या आजारपणापर्यंत गेली. ऊन डोक्यावर आलं होतं, वास सुटला होता आणि माझा पारा चढायला लागला होता.

मी बाजूला जाऊन मुख्याधिकारी साहेबांना फोन लावला. साहेब तरुण, घाटावरचे, आमच्याकडे नवीन.

"दोघांना दोन पावत्या देऊन टाका ना मॅडम. आपली वसुली वाढेल."

"साहेब, टाकी एकच आहे. एका टाकीला दोन नंबर सॉफ्टवेअर घेत नाही. आणि उद्या दोघेही कोर्टात आपली पावती नाचवणार. साक्षीला मला बोलावतील."

"मग नोंदणी राहू दे. गाडी परत आणा."

"परवा हळद आहे त्या घरात."

मीच मग सुचवलं की पावतीवर एक ओळ लिहू या: ही पावती मालकी हक्काचा पुरावा नाही. साहेबांना ती इतकी आवडली की म्हणाले, लिहा, आणि उद्या याचा रबरी शिक्काच बनवून घेतो.

मी परत आले आणि दोघांसमोर ती ओळ मोठ्याने वाचली. दोनदा वाचली. आता वाद मिटला, कुणीही भरा, असं मी म्हणाले.

जनार्दनने हातातल्या नोटांची घडी केली आणि खिशात टाकली. काशिनाथने तर माझं वाक्य पुरं व्हायच्या आतच टाकली होती.

"मंग मी कशाला भरू?" काशिनाथ म्हणाला. "लगीन त्याचे घरात हाय."

"आनि तुज्या घरातलं काय आकाशात जातं?" जनार्दन म्हणाला.

घ्या! सकाळपर्यंत दोघांना टाकी हवी होती, आता ती दोघांचीही नव्हती. आणि झाकणावरून उठायला तरीही कुणी तयार नाही, कारण जो आधी उठेल त्याने हक्क सोडला असा अर्थ निघेल. दत्तू पाईप गुंडाळायला लागला. मला खरंच वाटलं की आता या बाईच्या घरची हळद नासणार आणि मी ती नुसती बघत राहणार.

तेवढ्यात मागच्या दाराने सोनाली आली. नवरी म्हणून ओळखू यावी असं अंगावर काही नव्हतं, गाऊन आणि त्यावर ओढणी. ही मुलगी बंदराजवळ कंटेनरचे कागद करणाऱ्या ऑफिसात कामाला होती, रजेवर आलेली. आतून सगळं ऐकलं असणार. चुलता आणि बाप, दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"बाबा, काका, आमच्याकडं कंटेनर अडकला ना, तर मालक कोन ते मागून बघतात. आधी तो हलवतात. पडून राहिला की रोजचा दंड चढतो." मग माझ्याकडे वळली. "मॅडम, माजं नाव टाका. मी फोनवरून भरते."

दोघेही तिच्याकडे बघायला लागले.

"मी काय, चार दिवसांनी सासरी जानार," ती म्हणाली. "माजी कसली भीती तुमाला?"

काशिनाथने जरा विचार केला. मग मान डोलवली. "पोरीचं नाव चालंल." जनार्दन म्हणाला, "माजी काय हरकत नाय." आणि दोघे भाऊ एकाच वेळी उठायला लागले. गुडघे दोघांचेही धरले होते. काशिनाथने हात पुढे केला आणि थोरल्याने तो धरला, कारण धरल्यावाचून उठताच येत नव्हतं.

दत्तूने झाकण सरकवलं. आम्ही सगळ्यांना लांब केलं. टाकीत विषारी वायू साठतो, तो आधी निघून जाऊ द्यायचा असतो, आणि टाकीत माणूस कधी म्हणजे कधी उतरवायचा नसतो, हे मी प्रत्येक परसात ओरडून सांगत आले आहे. मग इंजिन सुरू झालं, पाईप थरथरला आणि गाळ खेचला जायला लागला. थोड्या वेळाने सोनालीच्या आईने आत बादलीभर पाणी ओतलं. गुडगुड असा आवाज आला आणि पाणी खाली गेलं. ती बाई दारात आली आणि हसली. मीही हसले. इतकं हलकं वाटलं की दत्तूला म्हटलं, चहा माझ्याकडून.

मी ओट्यावर बसून पावती लिहीत होते तेव्हा सोनाली शेजारी येऊन टेकली.

"मॅडम, मुलीचा पण वाटा असतो ना वडिलांच्या जागेत?" तिने हळूच विचारलं. बापासमोरची बोली गेली होती, ही ऑफिसातली होती.

"असतो. लग्न झालं तरी असतो."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "त्यांना माहीत नाही." आणि पावती फोनच्या कव्हरमध्ये सरकवून मांडवाकडे गेली.

हळदीला मला बोलावणं होतं. गेले. दोघे भाऊ बँजो पार्टीपुढे टॉवेल उडवत नाचत होते आणि परसाकडे कुणी फिरकतही नव्हतं.

साहेबांनी तो शिक्का खरोखर बनवून घेतला. सगळ्या पावत्यांवर मारायला लागलो आणि महिन्याभरात नोंदणीला येणाऱ्यांची रांग आटली. साहेबांनी शिक्का मुकाट्याने ड्रॉवरमध्ये ठेवला. रांग परत सुरू झाली. लोक फी टाकीची भरत नव्हते, हे साहेबांना कळायला एक शिक्का खर्ची पडला.

माझ्या निवृत्तीच्या थोडं आधी त्या टाकीची मुदत पुन्हा भरली. मेसेज नियमाप्रमाणे नोंदणी असलेल्या फोनवर गेला, म्हणजे सोनालीच्या सासरी. तिने तिथून माहेरी फोन केला असणार. आम्ही गाडी घेऊन पोचलो तर दोघे भाऊ परसात वाट बघत उभे, झाकणापासून चांगले लांब.

"या मॅडम," जनार्दन म्हणाला. "मालकिनीचा फोन आलता."