आवाजवाली रंजीता

रंजीताचे वडील नागभीडला सायकल दुरुस्तीचं दुकान चालवतात. मुलगी काय करते असं कुणी विचारलं, की ते “शूटिंगमध्ये आहे” असं सांगतात आणि पुढचा प्रश्न यायच्या आत पंप मारायला लागतात.

पुढचा प्रश्न कठीणच असतो. रंजीता माहितीपट करते. सिनेमा म्हणावा तर त्यात गाणी नाहीत, लग्नाचं शूटिंग म्हणावं तर नवरानवरी नाहीत. त्यांचं पथक दोघांचं. लोकेश कॅमेरा धरतो, रंजीता आवाज घेते. लोकेश आधी लग्नं करायचा, म्हणजे दुसऱ्यांची. त्यामुळे समोर कुणीही आलं तरी तो अजून “थोडं हसा” म्हणतो. त्यांची पहिली फिल्म गावतलाव राखणाऱ्या ढिवर मासेमारांवर होती. दुसरी मोहफुलांवर. ती पुण्यात दाखवली, तेव्हा फिल्म संपल्यावर दोघा-तिघांनी प्रश्न विचारले. मोहाची चव कशी असते, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं.

तिसरी फिल्म सोमाजी कोतवालावर. आरमोरीकडच्या एका लहान गावात या माणसाने उभी हयात डफडं वाजवून दवंडी दिली. मग ग्रामपंचायतीने भोंगा बसवला, मग गावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप निघाला, आणि डफडं खुंटीला गेलं. सोमाजीचं घर, धानाची बांधी, बायको गुणाबाई, खुंटी, सगळं चित्रित होऊन गेलं होतं. राहिली होती फक्त दवंडी.

“सोमाजीभाऊ, एकदा देऊन दाखवा ना,” रंजीता म्हणायची.

“बातमी काय?”

“बातमी नाही. अशीच.”

“अशीच दवंडी रायते का पोरी? लोकं काम टाकून येतील. मंग त्याईले काय सांगू, फोटू काढून राह्यलो म्हनून?”

लोकेश बातमी शोधायला सरपंचबाईंकडे गेला. ग्रामसभा होती, पण ती त्यांनी आधीच ग्रुपवर टाकली होती. जुनी बातमी सांगायला सोमाजी तयार नव्हता.

दवंडीवरच्या फिल्ममध्ये दवंडी नाही, हे विहिरीवरच्या फिल्ममध्ये पाणी नसण्यासारखं होतं. त्यात नागभीडहून वडिलांचा फोन आला. एका कॉन्व्हेंटमध्ये कॉम्प्युटर शिकवायची जागा होती आणि त्यांनी शब्द टाकला होता. “दिवाळीपर्यंत तुझी फिल्म झाली तर ठीक. नाई तर गुमान शाळेत जा,” ते म्हणाले. रंजीताने कबूल केलं. दिवाळी तोंडावर आली होती. बांध्यांमधलं धान पिवळं पडलं होतं.

त्या सकाळी सोमाजीच्या अंगणात शेजारपाजारची वीसेक माणसं जमवून त्यांच्या जुन्या आठवणी घेतल्या. काम संपलं. सोमाजी चहा प्यायला आत गेला. आता रंजीताला अंगणाची शांतता हवी होती. ही गोष्ट बाहेरच्या माणसाला समजावून सांगताना तिला घाम फुटतो. जिथे बोलणं घेतलं, त्या जागेची शांतताही वेगळी घ्यावी लागते. पुढे दोन बोलण्यांच्या मधली फट त्या शांततेने बुजवतात. समजावत न बसता ती म्हणाली, “फोन बंदच ठेवा. दोन मिनिटं सगळ्यांनी शांत राहा.”

आपल्याकडे दोन मिनिटं शांत कधी राहतात, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. सगळे उठून उभे राहिले. टोप्या उतरल्या, माना खाली गेल्या. गुणाबाईनेही डोक्यावरून पदर घेतला. रंजीताने मान वर केली तेव्हा काय झालं ते तिला कळलं, पण शांतता इतकी उत्तम मिळत होती की ती मोडायचा तिला धीर होईना.

तेवढ्यात डोमा दूधवाला मोटारसायकलवरून रस्त्याने गेला. त्याने सोमाजीची रिकामी खाट पाहिली, पदर घेतलेली गुणाबाई पाहिली, आणि दूध नासेल म्हणून तो थांबला नाही. एवढंच की त्याने आदराने हॉर्न वाजवला नाही.

आत सोमाजीही कप ठेवून उभा राहिला होता. बाहेर येऊन त्याने हळूच विचारलं, “कोन गेला?”



ते आरमोरीच्या चहाटपरीवर डोमाने सांगितलं. “सोमाजी कोतवाल गेला. मी सोता पाह्यलं.”

“मेलेला पाह्यला?”

“नाई. श्रद्धांजली पाह्यली.”

दुपारी सोमाजीची मुलगी कांता कुरखेड्याहून ऑटोने रडत आली. बाप खाटेवर बसून सुपारी कातरत होता. ती आधी त्याच्या गळ्यात पडली आणि मग भांडायला लागली. “फोन काऊन बंद तुमचा? आर्ध्या रस्त्यात जीव गेला असता माहा!”

“या पोरीनं बंद कराले लावला,” सोमाजीने रंजीताकडे बोट केलं.

आणखी नातेवाईक निघाल्याचं कांताने सांगितलं, तसा लोकेश त्यांना अडवायला गाडी घेऊन आरमोरीला पळाला. कॅमेरा त्याच्या पाठीवरच राहिला.

सोमाजीला मरणाचं काही वाटलं नव्हतं. त्याचं दुःख निराळं होतं. “एवढ्या वर्षांत माह्या तोंडून एक खोटी बातमी गेली नाई. अन आता माह्याच आंगनातून गेली.” तो उठला. खुंटीवरचं डफडं काढलं, धानाच्या तणसाचा जाळ केला आणि सैल पडलेलं कातडं शेकायला घेतलं.

लोकेशला यायला वेळ होता. थांबा म्हणावं तर बातमी शिळी होणार, आणि शिळी बातमी हा माणूस सांगत नाही. दवंडी डोळ्यांसमोर निघाली होती आणि कॅमेरा आरमोरीत होता. रंजीताने हेडफोन चढवले, काठीला लावलेला माईक उचलला आणि त्याच्या मागे निघाली.

“आयका हो आयका! सोमाजी कोतवाल जिता आहे हो! त्याच्या मरनाची बातमी खोटी आहे हो! ज्याईनं ज्याईनं रडून घेतलं, त्याईनं चा पिऊन जावं हो!”

गल्लीगल्लीतून लोक बाहेर आले. रंजीता आता त्याच्यापुढे उलट्या पावलांनी चालत होती, एकदा शेणाच्या खड्ड्याशी जाऊन वाचली, पण काठी हलली नाही. गुणाबाईने त्या दिवशी किती चहा केला, ते तिलाच ठाऊक.

लोकेशने मग त्याच गल्ल्या रिकाम्या असताना चित्रित केल्या आणि त्यांच्यावर ती दवंडी बसवली. फिल्म दिवाळीच्या आत झाली. कॉन्व्हेंटला दुसरी बाई मिळाली. नागपूरला फिल्म दाखवली, तेव्हा एका गृहस्थांनी उभं राहून विचारलं, दवंडी देणारा न दाखवण्याचा एवढा धाडसी निर्णय कसा घेतला? लोकेश गंभीरपणे म्हणाला, “लय विचार केला त्यावर.”

मग फिल्म गावात दाखवली, शाळेच्या भिंतीवर. पहिल्या ओळीत सोमाजी आणि त्याच्या शेजारी, आग्रहाने बसवलेला, डोमा. पोरांचा कालवा थांबेना, तेव्हा रंजीता पुढे येऊन म्हणाली, “आता जरा सगळ्यांनी शांत राहा.”

मागच्या ओळीतले दोघे-तिघे सवयीने उठले. सोमाजीने वळून पाहिलं.

“बसून!” तो ओरडला. “बसून शांत रहा लेकाहो! मी इथीच आहो!”