भुताच्या अंकावरचा अंगठा

अख्ख्या चांदा जिल्ह्यात भुतांना कुणी मानानं वागवलं असेल, तर ते आमच्या शेजारच्या डॉक्टरांनी. डॉक्टर म्हणजे खरं तर देवी टोचणारे सरकारी नोकर. पण त्या काळी आरमोरीत हातात सुई धरणारा प्रत्येक जण डॉक्टरच, शिंपी तेवढा सोडून. स्वातंत्र्य मिळून चार-दोन वर्षं झाली होती, मी तिथं नवा शाळामास्तर होतो, आणि आमच्या दोन घरांमध्ये एकच कूड होता. कुडापलीकडं डॉक्टर, वहिनी आणि भुतं असा संसार होता. भुतं इंग्रजी, रंगीत आणि गुळगुळीत मुखपृष्ठाची.

असल्या भुतांच्या चित्रमासिकाचा पहिला अंक त्यांना बल्लारशाच्या स्टेशनात बाकावर सापडला. कुणी साहेब विसरून गेला असावा. पानोपानी चित्रं: सांगाडे, थडगी, किंचाळणाऱ्या मडमा. डॉक्टरांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, पण अंगावर जो काटा आला तो म्हणे घरी येईपर्यंत बसला नाही. तेव्हापासून नागपूरची खेप झाली की सीताबर्डीवरची रद्दीची दुकानं पालथी घालायची आणि असले अंक शोधून आणायचे, हा नेमच झाला. उधई, म्हणजे वाळवी, लागू नये म्हणून कडुनिंबाचा वाळला पाला घालून ते अंक पत्र्याच्या डब्यांत ठेवायचे. घरातले सगळे चांगले डबे असे भुतांकडं गेले. वहिनी मला कुडापलीकडून ऐकवायच्या, "पाहा मास्तर, भुताले डबे, अन् माह्या मिठाले कागदाची पुडी."

वाचता येत नसल्यामुळं गोष्ट डॉक्टर स्वतःच रचायचे. एका अंकात काळा झगा घातलेला एक पांढराफटक माणूस बाईच्या मानेत सुळे रोवून उभा होता. डॉक्टरांनी दोन दिवस चित्राचा अभ्यास केला आणि निकाल दिला, "हा वकील होय." त्यानंतर तो रक्त का पितो, असं एकाही गावात कुणी विचारलं नाही. तोच माणूस पुढच्या पानावर लाकडी पेटीत निजलेला होता. चामोर्शीकडच्या एका जंगलगार्डानं ती पेटी निरखून एवढंच विचारलं, "सागवान दिसते. परमिट काढलं होतं का जी यानं?"

या अंकांनी सरकारचं मात्र भलं केलं. पूर्वी डॉक्टरांची सायकल दिसली की बाया पोरांना घेऊन धानाच्या बांध्यांत लपायच्या. आता सायकल दिसली की चावडीपुढं गर्दी व्हायची. डॉक्टर अंक उघडायचे, सांगाड्याचा हात मडमेच्या गळ्यापर्यंत न्यायचे, आणि पान मिटून म्हणायचे, "पुढचं टोचल्यावर." मग पोरं आपणहून बाही वर करायची. फक्त सूरजागडच्या डोंगराखालच्या एका म्हाताऱ्यापुढं त्यांची मात्रा चालली नाही. त्यानं सांगाडा बराच वेळ पाहिला आणि हळहळून विचारलं, "याले कोणी जेवाले नाई दिलं का जी?" डॉक्टर त्या दिवशी गोष्ट अर्धीच सोडून आले.

आता माझी चूक सांगतो. पुण्या-मुंबईकडं शौकीन लोक पुस्तकावर लेखकाची सही घेतात आणि मग त्या प्रतीचा मान वाढतो, असं मी एकदा सहज बोलून गेलो. डॉक्टर विचारात पडले.

"लेखकानं भूत पाह्यलं रायते का जी?"

"नसावं बहुतेक."

"मंग त्याची सही काऊन घ्याची? सही साक्षीदाराची पायजे."

दुसऱ्या दिवसापासून सायकलवर शाईचं पॅडही जाऊ लागलं. ज्यानं ज्या जातीचं भूत पाहिलं, त्याचा अंगठा त्या चित्राशेजारी. पण अंगठा असा तसा मिळत नसे. डॉक्टर कोर्टासारखी उलटतपासणी घ्यायचे: पाय कोणत्या बाजूला होते, सावली पडली का, अंगावर काय होतं. जरा चाचरला की साक्षीदार बाद. आरमोरीच्या बाजारातला एक तेली तीनदा बाद झाला आणि चौथ्यांदा खरोखर घाबरून आला, तेव्हा कुठं त्याचा अंगठा घेतला.

सगळ्यात देखण्या अंकाच्या पहिल्या पानावर मात्र एक कोपरा कोरा होता. तो त्यांचा स्वतःचा. कारण एवढी भुतं सांभाळणाऱ्या या माणसाला आयुष्यात एकही भूत दिसलं नव्हतं, आणि हे दुःख ते मनापासून बाळगून होते. भर दुपारी मसणवटीतून जायचे, लोक टाळत ती वाट मुद्दाम धरायचे. एकदा मोहाच्या झाडाखाली काळं, केसाळ काही बसलेलं दिसलं. डॉक्टर हात जोडून पुढं गेले. ते अस्वल निघालं. सायकल तिथंच टाकून ते धापा टाकत घरी आले, तर वहिनी म्हणाल्या, "त्याचाच अंगठा घेऊन याचा होता नं."

मग माझी बदली चामोर्शीला झाली. त्याच वर्षी उन्हाळ्यात वहिनी तापानं गेल्या. दिवाळीच्या सुटीत मी भेटायला गेलो, तर दुपारचे डॉक्टर एकटेच ओसरीवर बसले होते. समोर तो देखणा अंक, शेजारी पॅड. मी काही विचारायच्या आत तेच बोलले.

"जाताना म्हणे, जनमभर दुसऱ्याच्या भुतामागं फिरले तुमी. मी येऊन जाईन एकदा, करा मंग सही." कोऱ्या कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाले, "सहा महिने झाले, मास्तर. नाई आली."

मला ते ऐकवेना. मी कधी खोटं बोलत नाही असं नाही, पण इतक्या घाईनं कधी बोललो नव्हतो. म्हटलं, "डॉक्टर, मघाशी येताना मला विहिरीपाशी वहिनी दिसल्या. तुमच्याकडंच येत असतील." आणि सही येत असूनही मी पॅडवर अंगठा टेकवला.

डॉक्टरांनी एकदम मान वर केली. त्यांचा तो चेहरा मला अजून आठवतो.

"लुगडं कोणतं होतं जी?"

"हिरवं," मी म्हणालो.

त्यांनी अंक हलकेच मिटला, माझ्या अंगठ्याची शाई आपल्या धोतराच्या टोकानं पुसली आणि म्हणाले, "तिच्यापाशी हिरवं नव्हतंच, मास्तर. बसा, चहा ठेवतो."

ते आत गेले. इतकी वर्षं एका कुडाआड राहिलो, वहिनींच्या हातचा चहा प्यालो, आणि त्या कोणत्या रंगाची लुगडी नेसायच्या हे मी एकदाही पाहिलं नव्हतं.