सोनूला हातचा येत नाही

लहान मुलांना शिकताना सोबत करणारे रोबो, हा माझा संशोधनाचा विषय. निम्मं आयुष्य त्यात गेलं. डिपार्टमेंटमध्ये चहाच्या वेळी कुणीतरी विचारतं, "मॅडम, नवीन काय?" आणि नवीन पेपर नसला की मी किस्सा सांगते. माझ्याकडे किस्से भरपूर आहेत. बाकीचं तुम्ही ओळखा.

*

आम्ही राहतो बोरगाव मेघेला. पहिला रोबो घरी आणला तेव्हा शेजारच्या काकू बघायला आल्या. गुडघ्याएवढा रोबो, डोळ्यांच्या जागी दोन दिवे. काकूंनी त्याला चारी बाजूंनी न्याहाळलं.

"भांडे घासते काय?"

"नाही हो काकू."

"झाडू मारते?"

"नाही. तो फक्त बोलतो."

"बसल्या जागेवरून?"

"हो."

"मंग आमच्या घरी हाये एक," काकू म्हणाल्या, आणि काकांचा चहा ठेवायला गेल्या.

*

पुढे प्रोजेक्ट मंजूर झाला आणि मी तो रोबो आष्टीजवळच्या एका शाळेत, दुसरीच्या वर्गात नेला. त्याला अगदी शुद्ध मराठी शिकवली होती. बटण दाबलं.

"नमस्कार, बालमित्रांनो. आज आपण बेरजेचा अभ्यास करणार आहोत."

सगळा वर्ग हाताची घडी घालून उभा राहिला. दारात उभे असलेले हेडमास्तरही सवयीने ताठ झाले. एका पोराने मला हळूच विचारलं, "मॅडम, हे साहेब तपासणीले आले काय?"

*

म्हणून आवाज बदलायचं ठरलं. माझ्या आईइतकी अस्सल वऱ्हाडी माझ्या ओळखीत कुणी बोलत नाही, तेव्हा तिलाच माईकसमोर बसवलं. वाक्यं मी लिहून दिली होती. आईने प्रत्येक वाक्याच्या शेवटी आपल्या मनाने "जेवला काय बाबू?" जोडून दिलं. काढायला गेले तर रुसली. मग राहू दिलं.

मुलांना तो लगेच आवडला. त्यांनी त्याचं नाव ठेवलं सोनू.

यावर लिहिलेला पेपर तपासणाऱ्यांनी विचारलं, रोबो बेरीज करताना जेवणाची चौकशी का करतो? मी उत्तर लिहिलं, "स्थानिक संवादशैली." पेपर छापून आला. आईला वाटतं तो तिच्यामुळेच छापला गेला, आणि तिचं काही चूक नाही.

*

त्या वर्गाच्या शिक्षिका थूल बाई. वर्गात आचल नावाची मुलगी होती. घरी चुरूचुरू बोलायची म्हणे, पण शाळेत तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. थूल बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या सोनूनं हिले बोलतं केलं, तर मी मानलं तुमाले."

मी छातीठोकपणे हो म्हणाले. तोवर माझ्या रोबोने कुणालाच बोलतं केलं नव्हतं, हे सांगायचं राहून गेलं.

*

माझी थिअरी अशी होती. सोनूने मुद्दाम चुकायचं, हातचा विसरायचा. मुलं त्याला शिकवणार आणि शिकवता शिकवता स्वतः पक्की होणार. सत्तावीस आणि पंधरा किती? सोनू म्हणायचा, "बत्तीस. जेवला काय बाबू?" मी कोपऱ्यात बसून लॅपटॉपवर नोंदी करायची.

पण कुणी त्याला सुधारेचना! सोनू चुकला की एक पोरगा जोरजोरात खोकायचा, दुसरी कुणी माझ्यासमोर येऊन उभी राहायची. शेवटी मी विचारलं, "अरे, तुम्ही त्याची चूक का नाही सांगत?"

"तुमी लिहून ठेवता ना, मॅडम. मंग त्याले बोलणे बसतात."

माझ्या थिअरीत मुलं होती, रोबो होता. कोपऱ्यातली मी तेवढी धरायची राहिले होते.

*

एकदा मोठे पाहुणे प्रोजेक्ट बघायला आले आणि नेमका सोनू हँग झाला. डोळे बंद, मान खाली. पहिल्या रांगेतल्या पोराने पाहुण्यांना तोंडावर बोट ठेवून सांगितलं, "हळू बोला. सकाळपासून बेरजा करून राह्यला तो. आता डोळा लागला."

पाहुणे शाळेतून निघेपर्यंत कुजबुजतच बोलले. शेरा चांगला दिला.

*

आचल मात्र बोलली नाही. ती रोज सोनूसमोर बसायची, पाटीवर बेरीज मांडायची, वर ठळक हातचा एक लिहायची आणि पाटी त्याच्या डोळ्यांपुढे धरायची. सोनूला नुसतं ऐकता यायचं, वाचता येत नव्हतं. ती सोय मी केलीच नव्हती. तो आपला म्हणायचा, "बत्तीस." ती पाटी पुसून पुन्हा लिहायची.

मुदत संपली. सोनू कॉलेजचा, त्याला परत नेणं भाग होतं. मी खोक्यात थर्माकोल भरत होते. मला खरंच वाईट वाटत होतं, आणि थूल बाईंकडे बघायची हिंमत होत नव्हती.

"मॅडम."

हा आवाज मी कधी ऐकलेला नव्हता. थूल बाई खुर्चीतून उठल्या. आचल पाटी छातीशी धरून माझ्यासमोर उभी होती.

"याले नेऊ नका."

"का गं?"

"इतके दिवस तुमच्यापाशी हाये, तरी याले हातचा येत नाई. तुमच्यानं नाई होत. आमच्या बाईपाशी राहू द्या."