कुंकू लावलेलं पाकीट

पाकीट लोकांनी उघडावं कसं, ते मला विचारा. मी दुसरी नापास, पण दारव्ह्याच्या आसपास माझं पाकीट बंद पडून राहिलेलं एक घर दाखवा.

कापसानं सगळ्यांची तोंडं वाळवली ती वर्षं. लग्नं लांबली, म्हणून पत्रिका नाहीत. दुकानं ओस, म्हणून बिलबुकं नाहीत. माझं पायानं चालवायचं छपाई मशीन धूळ खात पडलं होतं. भंगारवाला त्याला ठोकून, वजनाचा अंदाज घेऊन गेलता.

गिऱ्हाईक एकच उरलं होतं, बाजारातले कापडवाले शेठ. जुन्या गिऱ्हाइकांना पोस्टानं पाकीट धाडायचं, नवा माल आलाय, पाहायला या म्हणून, असं त्यांच्या मनात आलं. मी छापून दिलं. खाकी पाकीट, वर दुकानाचं नाव हे एवढं ठळक. मला वाटलं, झकास झालं. कुत्रंही आलं नाही.

शेठ म्हणाले, "भाऊ, एक बार और भेजता. नहीं आए लोग, तो दुकान बंद करके लडके के पास नागपूर जाता मैं."

त्यांचं शटर पडलं की माझं मशीन भंगारात, हे त्यांनी वेगळं सांगायची गरज नव्हती.

मी जीप धरून एका तांड्यावर गेलो. एका म्हातारीच्या कुडाच्या भिंतीत माझं पाकीट खोचलेलं होतं. बंदच्या बंद.

"काहून उघडलं नाही, माय?"

"कायले उघडू? खाकी हाय. बँकेचं असन नाही तं कोर्टाचं. उघडलंच नाही तं आपल्याले भेटलंच नाही."

"अवं, कापडाच्या दुकानाचं हाय ते!"

"मंग त्याले खाकी कपडे कायले घातले, बाप्पा?"

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती पाकिटांना खळ लावत बसली होती. माझ्या धंद्यातलं चिकटवायचं सगळं काम तिचं. मशीन माझं, पण हात तिचा. ती पोट धरून हसली. मग म्हणाली, "हळद-कुंकू लावलेली पत्रिका कोण्या घरी बंद राह्यली, सांगा बरं?"

"म्हणजे जाहिरातीले कुंकू लावून लोकाइले फसवू?"

"फसवाचं कायले? बोलवाचंच हाय नं? मंग बोलावल्यासारखं बोलवा. शेठले म्हणा, येईन त्याले चहा पाजा. झालं निमंत्रण."

मी शेठकडे चाचरतच गेलो. ते मुसलमान माणूस, त्यांच्या पाकिटावर कुंकू कसं लावायचं? विचारलं तर म्हणाले, "कुंकू लगाओ, इत्र लगाओ, मगर खुलना चाहिए." आणि खरंच अत्तराची कुपी हातात दिली.

मग आम्ही पाकीट केलं. पिवळा जाड कागद, लग्नपत्रिकेचं माप. बाहेर दुकानाचं नाव नाही, छापील पत्ता नाही. प्रत्येकाचं नाव बायकोनं हातानं लिहिलं, खाली सहकुटुंब. खळ झाकणाच्या मधोमधच लावली, टोकं मोकळी सोडली. अशा फटीत बोट आपोआप जातं. चारी कोपऱ्यांना तिनं हळद-कुंकू लावलं, मी अत्तराचा फाया फिरवला.

आतला मजकूर मी जुळवला. एका लग्नपत्रिकेचे अक्षरांचे खिळे मशीनवर तसेच बांधलेले होते. आमचे येथे शुभकार्य योजिले आहे, सहकुटुंब येऊन शोभा वाढवावी. म्हटलं, आयतं आहे, कशाला सोडा? त्याच्याखाली दुकानाचं आणि नव्या मालाचं छापलं.

बाजाराच्या दिवशी दुकानापुढं ही गर्दी! जीपा भरून लोक उतरत होते. सगळ्यांत पुढं तांड्यावरची तीच म्हातारी, हातात नारळ आणि खण.

"नवरी कुठी हाय?"

शेठनी माझ्याकडं पाहिलं. "भाऊ, मेरे घर में किसकी शादी है?"

लोकांनी पहिली ओळ वाचली होती आणि आहेर घेऊन निघाले होते. मला तर गाठोड्यांच्या मागं लपावंसं वाटलं. बायकोच पुढं झाली.

"माय, नवरी नाही इथं. पण घरच्यासारखं बोलावलं तुमाले. बसा, चहा घ्या."

"फसवलं वं बाई आमाले!"

माझं मशीन तेवढ्यात मला भंगाराच्या गाड्यावर दिसलं. म्हातारीनं पाकीट नाकाशी नेलं, वास घेतला आणि खो खो हसली. "एवढ्या दुरून आलो, आता लुगडं तं दाखव." नारळ तिनं शेठपुढं ठेवला. "हे फोड. तुह्या दुकानाचंच लगन लावून देऊ."

शेठनी उंबऱ्यावर नारळ फोडला. टाळ्या पडल्या. चहाची किटली संध्याकाळपर्यंत फिरली. ज्याला घेणं झेपलं नाही तोही गादीवर बसून कापडाची थानं पाहून गेला, आणि पुढल्या बाजाराला आला. शेठ नागपूरला गेले नाहीत. पार महागावातून दुकानदार माझं पाकीट मागत आले. भंगारवालाही परत आला, पोरीच्या लग्नाच्या पत्रिका छापायला. त्याला मी म्हटलं, "ठोकून पाहतं का अजून?"

पुढं काही वर्षांनी बायको गेली. मशीन तेव्हाही चालू होतं. तेरवीचं पत्र मीच छापलं आणि कोपऱ्यांना कुंकू लावायला बसलो. भावकी अंगावर आली.

"दुःखाच्या पत्राले कुंकू लावते का कोणी?"

"ते सवाष्ण गेली. कुंकू तिचंच हाय. अन तिच्याबिगर माह्यं पाकीट कोणी उघडत नव्हतं. निघा इथून."

माझा अंगठा जाड, डाग मोठे पडले. तिच्यासारखं जमलं नाही. पण तेरवीला मांडव पुरला नाही, पंगतीवर पंगत उठली. तांड्यावरून जीप भरून आली. एका बाईनं पाकीट पदराच्या गाठीत बांधून आणलं होतं. मी तिला ते सोडून दाखवायला लावलं.

उघडलेलं होतं.