हललेला दगड
मार्चअखेर इथे ब्रिटनमध्ये उन्हाळ्यासाठी घड्याळं तासभर पुढे केली की वेल्समधला तो रविवार आठवतो. हिवाळाभर दर वीकेंडला लंडनजवळच्या मेडनहेडहून मी आणि ऑफिसातला माझा मित्र बर्फाच्या घळी चढायला जायचो. त्या दिवशी बर्फ वितळला होता, म्हणून मोसमातला पहिला कातळ चढायला घेतला. कडा सावलीत होता, बोटं गारठत होती. दोर घेऊन मी पुढे होतो. निम्म्यावर एक दगड हाताखाली किंचित हलला. बर्फ सरल्यावर असे दगड सुटतात. पुढच्याने त्यावर खडूची फुली मारायची आणि मागच्याला ओरडून सांगायचं, हा आमचा नेम. पण सकाळपासून तो मला चिडवत होता, "काय काका, गुडघे थरथरतायत?" मी फुली न मारता तसाच वर गेलो. "हा डावीकडचा दगड पक्काय ना रे?" त्याने खालून विचारलं. "ये बिनधास्त!" मी म्हणालो. मग दगड निखळला, तो किंचाळला आणि दोराला हिसका बसला. तो लोंबकळत "माझा हात, माझा हात" करत होता, आणि दोर माझ्याच हातात असल्यामुळे मला जागचं हलता येत नव्हतं. रेस्क्यूवाले येईपर्यंत मी नुसतं ऐकत होतो. त्याची दोन बोटं गेली. दगडाबद्दल मी त्याला अजून सांगितलेलं नाही. आजही त्याच्या घरी पाहुणे आले की तो म्हणतो, "याने दोर सोडला नाही म्हणून मी जिवंत आहे." त्याची बायको मला आग्रहाने वाढते, आणि मी जेवतो.