मध्यरेषेची घडी

आमच्या धाकट्या ड्रॉइंगमास्तरांचं चित्र मी शाळा तपासायला आलेल्या दिपोटीसाहेबांसमोर मधोमध दुमडलं. ही माझी चूक आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही माझ्याबद्दल चांगलं मत करून घेणार नाही.

सोलापुरातल्या आमच्या शाळेत मी थोरला ड्रॉइंगमास्तर आणि ते धाकटे, अजून कायम न झालेले. त्यांचा डावा पाय आखूड होता. चित्र झालं की दोन पावलं मागं सरायचे, मान वाकडी करून एक डोळा मिटायचे आणि म्हणायचे, "तोल हाय की!"

मी मुलांना फुलदाणी शिकवायचो. आधी उभी मध्यरेषा, मग दोन्ही बाजू सारख्या. कागद मध्यरेषेवर दुमडून खिडकीच्या उजेडात धरायचा. रेषेवर रेषा बसली तर बरोबर.

एकदा त्यांच्या वर्गाच्या दारात थांबलो. फळ्यावर एक बाई होती. एका कमरेवर भरलेली घागर, अंग दुसरीकडे कललेलं.

"पडंल का रं ही?"

"न्हाय!" सगळा वर्ग ओरडला.

"का न्हाय? दोन्ही बाजू सारख्या कुटं हायत?"

मागच्या बाकावरून आवाज आला, "मास्तर, तुमी तरी कुटं पडताय?"

मला वाटलं, आता छडी निघणार. पण सगळ्यांत जास्त तेच हसले. "व्हय की! हे बघा," म्हणत वर्गभर चालून दाखवलं. माझ्या वर्गात असं कुणी कधी हसलं नव्हतं. ते मला लागलं.

मग तपासणी आली. त्यांना कायम करायचं की नाही, हे साहेब ठरवणार होते. भर वर्गात धाकट्या मास्तरांनी आपलं चित्र पुढं ठेवलं. खाली उजव्या कोपऱ्यात अख्खा मोर, बाकी कागद मोकळा, आणि वर डावीकडे एवढीशी चिमणी.

"तुमचं मत?" साहेबांनी मला विचारलं.

मी कागद दुमडला, खिडकीशी धरला आणि म्हणालो, "साहेब, मोर लंगडा आहे."

साहेब हसले. मग मुलंही हसली. शब्द निसटला, असं मी पुष्कळ वर्षं सांगत आलो. निसटला नव्हता, आदल्या दिवसापासून तयार होता. धाकट्या मास्तरांनी कागद माझ्या हातून घेतला. तळहातानं घडी सपाट करत राहिले. महिनाअखेर त्यांना काढून टाकलं.

काही वर्षांनी सात रस्ता चौकाजवळ ते एका दुकानाची पाटी रंगवताना दिसले. पाटीवर दोन मोर, समोरासमोर, पिसाला पीस सारखं. दोन्ही मेलेले.

मला पाहताच त्यांनी लगबगीनं कच्चं चित्र पुढं केलं. त्याच्या मधोमध घडी होती.

"दुमडून बघा की, मास्तर. आता लई बरोबर येतंय. पट्टीनंच काढतो."

आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. ते मागंही सरले नाहीत, डोळाही मिटला नाही; माझ्या हाताकडे बघत राहिले.

मी कागद दुमडला नाही. भर रस्त्यात हात जोडले.

"मास्तर, तेवढ्याशा चिमणीनं अख्खा मोर तोलून धरला होता. मला तेव्हाच दिसलं होतं. मला माफ करा."